बाबांचा मूड की बाबांचा मेंदू?

बाबा हल्ली हसत नाहीत. वीकेण्डला घरी गेलात, प्रमोशनचे पेढे हातावर ठेवलेत, तरी चेहरा कोरा. 'रिटायर झाल्यापासून असेच झालेत,' म्हणून आपण मोकळे. पण बॉस, एक मिनिट! हा मामला मूडचा नाही, मेंदूचा असू शकतो.

मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. कुठली हालचाल सुरू करायची आणि कुठली थोपवायची, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांना डोपामिन पुरवणारा भाग म्हणजे सबस्टान्शिया नायग्रा. लॅटिनमध्ये अर्थ चक्क 'काळा पदार्थ'! पार्किन्सन्समध्ये तिथल्या पेशी मरत जातात. गंमत नाही, पण लक्षणं नजरेत भरेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा संपलेल्या असतात.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजारावर निबंध लिहिला. लोकांच्या डोक्यात राहिली ती हातांची थरथर. पण ती प्रत्येकाला असतेच असं नाही. चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होत जातं, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, वास येईनासा होतो... आणि हसू तरी काय? तीही हालचालच! चेहऱ्याचे स्नायू मंदावले की आतून खूश असलेला माणूसही बाहेरून मख्ख दिसतो. घरच्यांना वाटतं, याला आपलं काही पडलेलंच नाही.

गुंता इथेच संपत नाही. काहींना या आजारात खरंच डिप्रेशन येतं, कधीकधी तर हालचाली मंदावण्याच्या आधीच. म्हणजे चेहरा बघून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. सरळ विचारायचं, 'बाबा, बरं वाटतंय ना?'

आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार, असंही समजू नका. हॉलिवूडचा मायकल जे. फॉक्स 1991 मध्ये अवघ्या 29 वर्षांचा होता, तेव्हा त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण लेव्होडोपा हे औषध मेंदूत जाऊन डोपामिन बनतं आणि अडलेल्या हालचाली बऱ्याच सोप्या करतं. जोडीला नियमित व्यायाम हवाच. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा पेशंट आणि घरच्यांचा स्वमदत गट आहे. एकट्याने कुढण्यापेक्षा ते कधीही बरं!

तेव्हा या रविवारी मोबाइल खिशात ठेवा आणि बाबांबरोबर कोपऱ्यापर्यंत चालून या. दोन्ही हात सारखे हलतायत का, बघा. जुन्या चेकवरची सही आणि आजची सही शेजारी ठेवून बघा. शंका आली तर नेटवर निदान करत बसू नका, थेट न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या. आणि त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाका, सोबत तुम्हीच जा.