‘टाटा इस्टेट विकणे आहे’: जपलेल्या जुन्या गाडीची किंमत नेमकी कशावर ठरते?

‘टाटा इस्टेट, डिझेल, सिंगल ओनर, पेपर्स क्लिअर. हौशी माणसानेच फोन करावा.’

जुन्या गाड्यांच्या जाहिराती पाहणाऱ्यांना ही भाषा ओळखीची असेल. खालच्या कमेंट्सही ठरलेल्या असतात. एकाला काकांची गाडी आठवते, दुसरा ‘लास्ट प्राइस?’ एवढंच विचारून गायब होतो आणि तिसरा शंका काढतो, ‘१५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते ना? मग घ्यायची कशाला?’

शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सोपं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दुप्पट केलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या जुन्या गाड्यांना दिलेलं संरक्षण आक्रसून टाकलं. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सने ‘सिएरा’ हे नाव नव्या गाडीवर परत आणलं आणि नव्वदच्या दशकातल्या टाटाच्या गाड्यांची पुन्हा चर्चा सुरू झाली.

म्हणजे या गाड्यांबद्दलची ओढ वाढतेय आणि त्या रस्त्यावर ठेवणं महाग होतंय. अशा वेळी उत्तम राखलेली एखादी ‘टाटा इस्टेट’ विकायला निघाली, तर तिची किंमत कशावर ठरते?

टाटा इस्टेट म्हणजे कोणती गाडी?

मराठीत ‘इस्टेट’ म्हटलं की जमीनजुमला आठवतो. गाडीच्या नावाचा उगमही तिथलाच आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटीवर माणसं आणि सामान एकत्र नेण्यासाठी जी लांब गाडी वापरत, ती ‘इस्टेट कार’. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांचं सामान आणणारी तशीच गाडी ‘स्टेशन वॅगन’ झाली. साध्या भाषेत सांगायचं तर सेदानचं छप्पर मागच्या टोकापर्यंत नेलेलं, डिकीच्या जागी उभं मागचं दार आणि आत सामानाला भरपूर जागा.

टाटाची इस्टेट १९९२ मध्ये आली. तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं आणि तिची ओळख ट्रकवाली अशीच होती. पुण्यात बनलेल्या टाटा मोबाइल पिकअपच्या सांगाड्यावर आधी १९९१ मध्ये सिएरा आणि मग इस्टेट उभी राहिली. सुमारे दोन लिटरचं डिझेल इंजिनही त्याच घराण्यातलं होतं. इंडिका १९९८ मध्ये आली, त्याआधी टेल्को प्रवासी गाड्यांचा व्यवसाय शिकत होती, त्या काळातली ही गाडी. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं.

भारतात इस्टेट गाड्या का चालल्या नाहीत?

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. मारुतीने बलेनो अल्टुरा आणली, ओपलने कोर्सा स्विंग, स्कोडाने ऑक्टाव्हिया कॉम्बी आणि टाटानेच पुढे इंडिगो मरीना आणली. एकही टिकली नाही.

एक कारण मानसिक होतं. डिकी वेगळी दिसणारी सेदान म्हणजे प्रतिष्ठा, आणि मागून सपाट दिसणारी गाडी म्हणजे मालवाहू किंवा रुग्णवाहिका, असं समीकरण बसलेलं होतं. दुसरं कारण कराचं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. लांबी हाच जिचा गुण, त्या गाडीला हे गणित कधीच परवडणारं नव्हतं. तिसरं कारण म्हणजे मोठ्या कुटुंबाला सुमो, क्वालिससारखे पर्याय मिळाले.

मुळात कमी विकल्या गेल्या म्हणून आज त्या दुर्मीळ आहेत. पण दुर्मीळ असणं आणि मोल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे कायदा येतो.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते का?

नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीला निव्वळ वयामुळे भंगारात काढण्याचा नियम नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या स्क्रॅपेज धोरणाचा आधारही खासगी गाडीच्या बाबतीत वय नाही, तर फिटनेस आहे. १५ वर्षांनंतर सक्तीने मोडीत काढायच्या गाड्या सरकारी मालकीच्या आहेत. तो नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

मात्र नूतनीकरण दिवसेंदिवस महाग होत गेलंय. कारसाठी हे शुल्क एकेकाळी ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० रुपये आहे. आयात केलेल्या चारचाकीसाठी हाच आकडा ८०,००० रुपये आहे. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

यातली मेख अशी की हे शुल्क गाडीच्या अवस्थेनुसार बदलत नाही. तपासणीत जेमतेम पास झालेली गंजकी गाडी आणि आरशासारखी राखलेली गाडी, दोघींना आकडा एकच.

दिल्लीचं प्रकरण काय आहे?

दिल्ली आणि परिसरात नियम वेगळे आहेत. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, अशी मोहीम सुरू झाली आणि लोकांच्या रोषानंतर ती काही दिवसांतच थांबवावी लागली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर कठोर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. डिसेंबरमध्ये त्यात बदल झाला. आता ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच आहे.

टाटा इस्टेट ही बीएस मानकं येण्याआधीची डिझेल गाडी आहे. त्यामुळे ती कितीही छान राखलेली असली, तरी दिल्लीतल्या गिऱ्हाइकासाठी ती चालवण्याजोगी नाही.

महाराष्ट्रात असा आदेश नाही. पण मुंबई महानगर प्रदेशातली पेट्रोल-डिझेल वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. तेव्हा ‘उद्या इथेही तसंच झालं तर?’ हा गिऱ्हाइकाचा प्रश्न हवेतला नाही आणि तो थेट किमतीत उतरतो.

मग ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येईल का?

खरी अडचण इथेच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षं चालते. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते.

पण त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली हवीत. पहिल्यावहिल्या इस्टेट गाड्यांना ती २०४२ मध्ये होतील.

१९९४ मध्ये नोंदवलेली इस्टेट घेऊ. तिची नोंदणी २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये नूतनीकरण झाली असेल, असं धरू. विंटेजचा दर्जा २०४४ मध्ये मिळेल. तोपर्यंत २०२९, २०३४ आणि २०३९ अशी आणखी तीन नूतनीकरणं लागतील. आजच्याच दराने हे ३०,००० रुपये झाले. त्यात पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी वेगळे. दर पुन्हा वाढणार नाहीत याची हमी कुणीच देत नाही.

थोडक्यात, २० ते ५० या वयातल्या गाडीला आपल्या कायद्यात स्वतःचं घर नाही. ती रोजच्या वापरातली जुनाट गाडी म्हणून मोजली जाते, मग ती महिन्यातून एकदाच बाहेर निघत असली तरी.

इतर देशांत काय करतात?

जर्मनीत ३० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते. तिला ठरावीक वार्षिक कर लागतो आणि शहरांतल्या कमी प्रदूषण क्षेत्रांतही ती जाऊ शकते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला वाहन कर आणि वार्षिक तपासणी यांतून सूट मिळू शकते. जुन्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फीवा’ ३० वर्षांची अट धरतो. मात्र गाडी मूळ रूपात जपलेली हवी आणि रोजच्या ये-जा करण्याचं साधन नको, असंही तो सांगतो.

तिथे जुन्या व्होल्व्हो किंवा मर्सिडीजच्या इस्टेट गाड्यांना मागणी आहे, त्यामागे हौस आहेच. पण एका वयानंतर कायदा गाडीकडे वारसा म्हणून बघेल, ही खात्रीही आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. नव्वदच्या दशकातलं डिझेल इंजिन कितीही निगुतीने राखलं, तरी ते आजच्या बीएस-६ इंजिनाइतकं स्वच्छ होत नाही. ज्याच्या दारासमोरून रोज धूर जातो, त्याला मालकाच्या हौसेचं कौतुक का असावं? म्हणूनच सरसकट सूट हा उपाय ठरत नाही. वापरावर मर्यादा घालून मधल्या वयाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करणं हा मार्ग आहे. तो वर्ग मिळाला तर प्रदूषणही आटोक्यात राहील आणि गाडी जपणाऱ्यालाही कारण मिळेल.

मग आज किंमत ठरते कशावर?

आज अशा गाडीसमोर दोन गिऱ्हाइकं असतात. एक वजनावर भाव करतो. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढली, तर नव्या गाडीच्या करात काही सवलत मिळण्याची सोय आहे. दुसरा असतो हौशी. हौशी गिऱ्हाइकाने मोजलेली जास्तीची रक्कम पॉलिशपेक्षा तीन गोष्टींसाठी असते.

पहिली, कागद. नोंदणी चालू आहे का आणि पुढचं नूतनीकरण कधी, हे आधी बघा. जुन्या आरसी बुकातली माहिती ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत चढली आहे का, तेही तपासा. नसेल तर आरटीओत जुनी नोंद चढवून घेण्याचं काम आधी करावं लागतं. अनेक जुन्या गाड्यांवर फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असतो आणि तो उतरवायला बँकेचं पत्र लागतं. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवलेली हवी.

दुसरी, मूळपण. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतात का? इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. ती नसेल, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडते.

तिसरी, न मिळणारे भाग. इंजिनाचं सामान त्या घराण्यातल्या इतर टाटा गाड्यांमुळे शोधता येतं. मागचं दार, त्याची काच, दिवे, आतलं सामान मात्र फक्त याच गाडीचं. ते शाबूत असेल तर जास्त मोजायला हरकत नाही. दारांच्या खालच्या कडा, मागच्या दाराभोवतीचा पत्रा आणि गाडीखालचा सांगाडा गंजलेला नाही ना, हे स्वतः वाकून बघा. किनारपट्टीवरची गाडी असेल तर दोनदा बघा.

विकणाऱ्याने काय सांभाळायचं?

‘सह्या करून कोरे फॉर्म देऊन टाका, पुढचं एजंट बघेल’ हा सल्ला सर्वांत धोक्याचा. कायद्यानुसार राज्यातच गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हे पुरतं स्पष्ट केलं. त्या प्रकरणात २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे अनेक हातांत गेली, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

करांबाबतची एक अफवाही बाजूला ठेवा. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो तो नोंदणीकृत विक्रेत्याला आणि तोही त्याच्या नफ्यावर. घरची गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकणाऱ्याला तो लागू नाही.

तेव्हा जाहिरातीतल्या ‘वेल मेंटेन्ड’ या शब्दांची किंमत कायद्याच्या लेखी सध्या शून्य आहे. ‘पेपर्स क्लिअर’ या शब्दांची मात्र पुरेपूर आहे. विकणारे असाल तर नाव हस्तांतरित झाल्याची ऑनलाइन नोंद दिसेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका. घेणारे असाल तर गाडीच्या किमतीत पुढच्या नूतनीकरणाचा खर्च आधीच धरा आणि मगच ‘लास्ट प्राइस?’ विचारा.