मास्तरांची सुट्टी

“मास्तरांचं काय बाबा, पगारी सुट्टी!” हे वाक्य आपल्याकडे मे महिन्यात आंब्यांबरोबर येते आणि दिवाळीत फराळाबरोबर पुन्हा निघते. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता त्या उन्हाळी सुट्टीचा हिशेब एकदा मांडू या.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात येतात. मागोमाग शाळेची वार्षिक परीक्षा, निकालपत्रके, दाखले. कुठे नव्या मुलांची नावे घालण्यासाठी दारोदार हिंडणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे सांगू नयेत असे ठरवले खरे. पण दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका तेवढ्या वगळल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेचे मतदान १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्प्यांत झाले. तेव्हा ऐन उन्हात मतदानयंत्रांपाशी बसलेल्यांत आपल्या मुलांचे मास्तर आणि बाई पुष्कळ होत्या! शिवाय घरचे लग्नकार्य, पापड-कुरडया आणि स्वतःची मुले आहेतच. एवढ्यात जूनचा पाऊस येतो आणि शाळेची घंटा वाजते.

या धांदलीत बळी जातो तो वाचनाचा. बाकीची कामे न झाली तर वरून विचारणा होते. पुस्तक न वाचल्याबद्दल कोणी विचारीत नाही. पण त्याची किंमत वर्गातली मुले मोजतात. तेच टिपण, तेच उदाहरण, तोच विनोद! मुले शहाणी असतात. बाईंना स्वतःलाच धड्याचा कंटाळा आलाय, हे त्यांना पहिल्या आठवड्यात कळते.

आणि एका माणसाच्या वाचनातून काय घडू शकते? गिजुभाई बधेका पेशाने वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या काळजीने ते माँटेसरीबाईंची पुस्तके वाचू लागले. वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभे राहिले. तिथे आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा! वकिलाच्या हाती पडलेली पुस्तके अशी गुराख्यांच्या पोरांपर्यंत पोचली.

प्रत्येक मास्तर गिजुभाई होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण सुट्टीत मनापासून वाचलेले एखादे पुस्तक जूनमध्ये चाळीस-पन्नास मुलांच्या वाट्याला येते, हे काय थोडे झाले? मग ते पुस्तक शिक्षणशास्त्राचेच हवे असे नाही. पक्ष्यांचे असो, प्रवासाचे असो, नाहीतर चांगली कादंबरी असो.

आपण पालकांनी एवढे करावे. मास्तर रस्त्यात भेटले की “काय, मजा ना सुट्टीत?” असे न विचारता “सध्या काय वाचताय?” म्हणून विचारावे. आणि या दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर आपल्या कपाटातले एक आवडते पुस्तक बाईंकडे धाडावे. डबा तेवढा परत मागा; पुस्तकाची घाई करू नका!