बंगल्यामागचे गवत आणि भाताचे अनुदान

टेक्सासमधल्या व्हार्टन काउंटीत एल कॅम्पो नावाचे गाव आहे. एकेकाळचा हा भाताचा टापू. 2006 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तिथली मौज छापली: भातखाचरांचे प्लॉट पडले, बंगले उठले आणि बंगल्यामागच्या गवताला सरकार अजून भाताचे अनुदान देत होते. फसवाफसवी कुणी केली नव्हती. अनुदान जुन्या पेऱ्याच्या नोंदीला चिकटलेले; जमीन विकली की नोंदही नव्या मालकाकडे जाई. 2000 पासून शेती न करणाऱ्यांच्या खात्यात असे किमान 1.3 अब्ज डॉलर गेल्याचा त्या वृत्तपत्राचा हिशेब होता.

हा प्रकार 2014 च्या शेती कायद्याने थांबला, पण जुन्या पेऱ्याची नोंद जिवंत राहिली. भाव कोसळला की भरपाई मुख्यतः त्याच जुन्या एकरांवर मोजतात. यंदा रानात काय उभे आहे, हा प्रश्न तिथे दुय्यम.

दुसरी मेख काउंटीच्या हद्दीत आहे. चीनबरोबरच्या व्यापारयुद्धात सोयाबीनचे गिऱ्हाईक गेले, तेव्हा 2018 मध्ये ट्रम्प सरकारने पीकवार मदत दिली: सोयाबीनला बुशेलमागे 1.65 डॉलर, मक्याला 1 सेंट. मकेवाले खवळले, आणि तो राग रास्तच होता. शिवाय पुढच्या वर्षीही पीकवार दर जाहीर केला, तर शेतकरी बाजार सोडून अनुदान पाहूनच पेरणी करणार. म्हणून 2019 मध्ये मुख्य पिकांना काउंटीनिहाय एकच दर लावला गेला, एकरी 15 ते 150 डॉलर. तोडगा वरकरणी शहाणपणाचा होता. पण काउंटीत पूर्वापार कापूस जास्त, तर दर चढा. मग त्या हद्दीत मका पेरणाऱ्यालाही तोच चढा दर. हद्दीपलीकडच्या मक्याला मात्र त्याच्या काउंटीचा दर, मग तो कितीही कमी असो. माती तीच, बाजारही तोच.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी त्याचे नशीब कसे ठरवते, हे त्याने भोगले आहे.

अमेरिकेत भावपडीच्या भरपाईला मर्यादा आहेत, नाही असे नाही. माणशी वर्षाला 1,25,000 डॉलरची अट होती. जुलै 2025 मधल्या कायद्याने ती 1,55,000 वर नेली. पण घरची भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी धरता येते, आणि 2018 च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत पुतणे, भाचे, चुलतभाऊसुद्धा घेतले. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली स्वतः शेतीवाले, अनुदान घेणारे. तरीही ही पळवाट बुजवा म्हणून ते वर्षानुवर्षे भांडत आले. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाने हे फारसे मनावर घेतले नाही.

पैसा कसणाऱ्याला आणि यंदाच्या पिकाला द्यावा, एवढी साधी मागणी आहे. अमेरिकेत सुमारे 40 टक्के शेतजमीन भाड्याने कसली जाते. अनुदानाची हमी दिसली की मालक भाडे वाढवतो आणि कसणाऱ्याच्या हाती आलेली रक्कम तिकडे वळते. आपल्याकडे तर ती त्याच्या हाती येतच नाही. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये सातबारावरच्या नावाला मिळतात. खंडाने रान घेऊन राबणाऱ्या भूमिहीनाचे नाव त्या यादीत नसते.