खुंटी बदला, गिटार नको

शेजारचा अकरावीतला मुलगा या आठवड्यात गिटार घेऊन दुकानात गेला आणि रडवेला होऊन परत आला. तिसऱ्या तारेची खुंटी नुसतीच गरगर फिरत होती, तार काही चढेना. दुकानदाराने वाद्य हातातही न घेता सांगितलं, ‘‘याचं काही होत नाही, नवीन घे.’’ दुरुस्तीबद्दल मी इथे वारंवार लिहितो; छत्री झाली, मिक्सर झाला. पण वाद्य टाकायला सांगणं माझ्या फार जिव्हारी लागलं. त्या पोराने त्याच तारांवर बोटांना घट्टे पाडून घेतलेत.

गिटारच्या खुंटीत एक स्क्रू आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक, एवढंच असतं. अनेक खुंट्यांत बटण 14 वेळा फिरवावं तेव्हा तारेचा दांडा एक फेरा घेतो. तार कितीही ओढू दे, एरवी तिच्या जोराने स्क्रू उलटा फिरत नाही. म्हणून सूर उतरला की आधी खुंटीवर खापर फोडू नये. नवी तार ताणली जाते, सैल गुंडाळलेली सरकते. सूर चढवताना ‘टिक्’ असा आवाज आला, तर ती वरच्या पट्टीच्या खाचेत अडकलेली असते. खाचेत पेन्सिल घासली तरी बऱ्याचदा भागतं.

इथे मात्र दोष खुंटीचाच होता. मागचा बारीक स्क्रू आणि पुढचं नट काढलं, तर चाकाचे पितळी दाते झिजून सपाट झालेले. तेवढ्यासाठी अख्खी गिटार भंगारात? नवा संच आणण्याआधी भोकाचा व्यास मोजला, कारण सीलबंद खुंट्यांना साधारण 10 मिलिमीटरचं भोक लागतं आणि जुन्या उघड्या खुंट्यांचं त्याहून लहान असतं. डाव्या-उजव्या बाजूच्या खुंट्याही वेगळ्या येतात. माप जुळलं की लाकडाला ड्रिल लावावं लागत नाही.

तानपुऱ्याच्या खुंटीत तर चाकही नाही, स्क्रूही नाही. निमुळतं लाकूड निमुळत्या भोकात बसतं आणि नुसत्या घर्षणावर तारेचा ताण पेलतं. पिळताना ते आत दाबत न्यावं लागतं. घसरू लागलं तर खडू लावायचा, आणि अगदी बारीक सूर घोडीखालच्या मण्यांवर मिळवायचा. मिरजेचे कारागीर प्रत्येक खुंटी तिच्या-तिच्या भोकात घासून बसवतात, त्यामुळे एकीची जागा दुसरीला चालत नाही. हे हात मूळचे शिकलगारांचे, हत्यारांना धार लावणाऱ्यांचे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथली माणसं जुना तानपुरा समोर आला की आधी तो मांडीवर घेतात, तारा छेडतात, जवारी ऐकतात आणि मगच बोलतात, याचं मोल मला मानांकनाहून जास्त वाटतं. वाद्य विकणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी यायला हवं.

तुमच्या घरात खुंटी मोडली म्हणून माळ्यावर टाकलेली गिटार असेल, तर ती खाली काढा. भोक मोजा, मोडकी खुंटी खिशात घाला आणि वाद्य दुरुस्त करणारा माणूस गाठा. गिटार हातात न घेताच नवीन घ्या म्हणणाऱ्या दुकानात मात्र पुन्हा जाऊ नका.