विश्लेषण : वाहनांच्या फटीतून दुचाकी काढणे कायदेशीर व्हावे का?

सोलापुरात सात रस्ता असो वा पुणे नाका, वाहने थांबली की दुचाकीस्वार फटीतून पुढे सरकतात. चालत्या वाहनांमधूनही तसेच घुसणे मात्र जिवावर बेतू शकते. या दोन्हींना एकच नियम लावावा का?

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन चालविण्याच्या २०१७ च्या नियमांनुसार मार्गिका आखलेल्या असतील, तर त्यातूनच वाहन चालवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उल्लंघनास ५०० ते १,००० रुपये दंड आहे.

इतरत्र काय आहे?
अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०१७ पासून चालत्या वाहनांमधून जाण्यासही कायद्याची मान्यता आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सने २०१४ मध्ये परवानगी देताना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली.

सोलापुरात धोका कुठे?
देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण दगावले; त्यात सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. सोलापुरात गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला सरकते आणि फट आवळत जाते. उसाच्या भाऱ्यामुळे चालकाला शेजारची दुचाकी दिसत नाही.

मग मार्ग कोणता?
सरसकट मुभा धोक्याची, तर सरसकट बंदी कागदावरच राहणारी. थांबलेल्या वाहनांमधून, कमी वेगाने आणि अवजड वाहने टाळून जाण्यापुरती परवानगी विचारात घेता येईल. त्याआधी मार्गिकांचे पट्टे आणि चौकात दुचाकींसाठी पुढे राखीव जागा आखावी लागेल. पट्टेच नसतील, तर नियम मोडला हे ठरवणार कसे?