‘रांगडा’ या विशेषणाविरुद्ध

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा मी जुना प्रेक्षक आहे आणि पेशाने मराठीचा शिक्षक. या दोन्ही नात्यांनी मला एका विशेषणाचा मनस्वी कंटाळा आला आहे. ते विशेषण म्हणजे ‘रांगडा’. कबड्डीवर कोणी लिहायला बसले की पहिल्याच परिच्छेदात ‘आपल्या मातीतला रांगडा खेळ’ अवतरतो, आणि तिथेच लेखकाचे पाहणे संपते.

मुरबाड-शहापूरची मुले मैदानात उतरली की बक्षीस समारंभातल्या वक्त्यांना ऊतच येतो. सिद्धगडाच्या परिसरातली मुले म्हटल्यावर 2 जानेवारी 1943 आलेच. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे हौतात्म्य आले, आणि पाठोपाठ ‘हे रक्तातच असावे लागते’ हा निष्कर्ष. कोतवाल वकील होते, हे मात्र कोणी सांगत नाही. विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता चालवायचा तर कोणता मनोरा, कोणती रात्र, परतीची वाट कोणती, याचा हिशेब लागतो. तो वगळला की उरते ते नुसते रक्त.

खेळाचेही असेच होते. सामन्याची शेवटची तीन मिनिटे घ्या. आपण दोन गुणांनी पुढे आहोत. एक चढाई तीस सेकंदांची. म्हणजे साधारण सहा चढाया, त्यांतल्या तीन आपल्या. दोन चढायांत निदानरेषा ओलांडून, कोणाला न भिडता परत येता येते. पण लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. तेव्हा तिसरी कोणाकडे सोपवायची हे पहिलीच्या आधीच ठरलेले असावे लागते. आता समजा, आपले तीनच गडी मैदानात उरले आहेत. अशा वेळी पकड झाली तर एक जादा गुण मिळतो. मग चढाईत गुण मिळवून चौथा गडी आत आणावा, की रिकामे परतून तिघांवरच थांबावे? कधी तर लोण स्वीकारून सातही गडी परत मिळवणे परवडते. हे सगळे एकोणीस-वीस वर्षांचा कर्णधार धापा टाकत ठरवत असतो. त्याला ‘रांगडा’ म्हणणे हा गौरव आहे, असे आपण खुशाल समजतो!

ताकद लागत नाही असे माझे म्हणणे नाही. लागते, आणि भरपूर लागते. पण 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य सामन्यात आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवले, ते कोणत्या मातीच्या बळावर? इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. म्हणजे हा खेळ शिकवता येतो, शिकता येतो.

वाचक म्हणतील, साहित्याच्या पानावर हे कशाला? कारण हे विशेषण आमच्याच वर्गातून बाहेर पडले आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 ची. शिकवताना तिच्या वऱ्हाडी बोलीवर एक अख्खा तास जातो (माझाही गेला आहे). कौतिक संसार तगवण्यासाठी काय काय मोजत राहते आणि कादंबरीकार ते कसे रचतो, इथपर्यंत घंटा होईतो आम्ही पोचत नाही. नागर लेखकाच्या वाट्याला ‘रचना’, ग्रामीण लेखकाच्या वाट्याला ‘अस्सलपणा’. बुद्धी एकाकडे, गंध दुसऱ्याकडे. ही वाटणी समीक्षेने केली. वक्ते आणि वार्ताहर ती फक्त उसनी घेतात.

मातीचे गोडवे गाणाऱ्यांना आणखी एक विचारायचे आहे. मोठे सामने आता मॅटवर होतात. भात कापल्यावर खाचरात रेषा आखून अनवाणी सराव केलेला मुलगा तिथे बूट घालून उभा राहतो. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो धरला जातो. वळताना गुडघा दगा देतो. त्याला मॅट हवी आहे. आणि आपण व्यासपीठावरून त्याला माती किती थोर आहे ते सांगत असतो.

पुढच्या सामन्यांना कोणा विद्यार्थ्याला माझ्यासोबत यायचे असेल तर त्याने जरूर यावे. बसायचे मात्र गुणलेखकाच्या टेबलामागे. तिथून घड्याळ आणि कर्णधाराचा चेहरा दोन्ही दिसतात.