दाताचा स्क्रू आणि हाडाचा वेळ

दात पडला की आपल्या घरांत ती जागा रिकामी राहते, नाहीतर कवळी येते. आता दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘इम्प्लांट’ हा उपायही दिसतो. जबड्याच्या हाडात टिटॅनियम धातूचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात. खर्च मोठा आहे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी हा स्क्रू हाडात पक्का कसा होतो, ते समजून घेऊ.

स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तेव्हाचे स्क्रू बरेच गुळगुळीत असत. हाड धरेपर्यंत खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागे.

गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी आधी छिन्नीने खाचा पाडतो. शास्त्रज्ञांनी तेच केले. स्क्रूवर बारीक कणांचा जोरदार मारा करायचा, मग तो आम्लात बुडवायचा. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. त्यांत रक्ताची गुठळी घट्ट बसते. तिच्या आधाराने हाड तयार करणाऱ्या पेशी थेट स्क्रूपर्यंत पोचतात आणि तिथेच नवे हाड घालू लागतात. हाड चांगले असेल तर सहा ते आठ आठवड्यांतही वर दात लावता येतो.

पण खरबरीत स्क्रू हाडाला फक्त मदत करतो. भरून येण्याचे काम शरीरच करते. तंबाखू, विडी-सिगारेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह त्या कामात अडथळा आणतात. शिवाय हिरडी खाली सरून स्क्रू उघडा पडला, तर त्याच खळग्यांत घाण साचते, पू होतो आणि धरलेले हाड झिजते.

म्हणून माता-भगिनींना आणि बांधवांना आमचे सांगणे आहे: मशेरी, गुटखा आधी सोडा, साखर तपासा, दात रोज नीट घासा. ‘माझे हाड कसे आहे, किती थांबायचे, एकूण खर्च किती?’ हे डॉक्टरांना न लाजता विचारा. मुंबई, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांतही सल्ला मिळतो. खर्च झेपत नसेल तर चांगली बसणारी कवळी लावण्यात काहीच कमीपणा नाही. कर्ज काढून घाईने बसवलेला स्क्रू मात्र हलू लागला, तर दातही जातो आणि पैसाही.